वास पहिल्यांदा कोणाला आला?

आमचे फोरमनकाका एखाद्या गाडीत शिरून काचा वर करून बसले, की वर्कशॉपमध्ये कुणी मोठ्याने बोलायचं नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. पण एकदा एका मेकॅनिकने नेमका तेव्हाच रेडिओ लावला, आणि काकांनी दार उघडून शांतपणे विचारलं, "काय रे, मी कामात आहे ते दिसत नाय?" तेव्हापासून रेडिओ बंद. वास घ्यायला शांतता कशाला लागते हे मला आजही कळलेलं नाही. पण काकांना लागायची, आणि ते आत असले की आम्हीही श्वास रोखून उभे असायचो. बाहेर गाडीचा मालक, हाताची घडी घालून. आत काका, डोळे मिटून. दहा मिनिटं, कधी वीस.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका गाड्यांच्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर होतं. मी तिथे सर्व्हिस ॲडव्हायजर होते. म्हणजे काउंटरवर बसायचं, गिऱ्हाइकाची तक्रार ऐकायची, जॉब कार्डावर लिहायची आणि गाडी आत पाठवायची. आवाजाच्या, ब्रेकच्या, एसीच्या तक्रारी कुणाकडेही जायच्या. वासाची तक्रार फक्त काकांकडे. नव्या गाडीत वासाच्या तक्रारी जास्त येतात. जुन्या गाडीत माणूस वासाला सरावतो. नव्या गाडीत त्याला प्रत्येक वास म्हणजे फसवणूक वाटते.

काका मालवणकडचे. त्यांनी आपलं नाक गवयाने गळा जपावा तसं जपलं होतं. तंबाखू नाही. सकाळपासून जेवणापर्यंत चहा नाही. डब्यात दहीभात, तोसुद्धा बिनफोडणीचा. कपडे बिनवासाच्या साबणात धुतलेले. वर्कशॉपमधल्या गणपतीपुढे उदबत्ती लावायला बंदी. "देवाक फूल चालता," म्हणायचे. मी नोकरीला लागले त्या दिवशी डिओ मारून गेले होते. काका काउंटरपाशी आले, थांबले, आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "ग्रॅज्युएट, ह्या उद्यापास्ना नको. तू जवळ आलंस की माका दुसरा काय येणाच नाय."

मला फार लागलं. ग्रॅज्युएट हे नाव त्यांनी त्याच दिवशी पाडलं, तेही लागलं. आमच्या घरात मी पहिली पदवीधर. आई-बाबा जालन्याकडून येऊन मानखुर्दला राहिलेले, मी बी. कॉम. झाले तेव्हा वस्तीतल्या बुद्धविहारात माझा सत्कार झाला होता, आणि हा माणूस तो शब्द टिंगलीला वापरत होता. महिनाभर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. मग लक्षात आलं, की इंग्रजीत काही लिहायचं असलं की ते माझ्याकडेच येतात आणि दुसऱ्यांना सांगतात, "थांब, ग्रॅज्युएटला विचारू." टिंगल नव्हती ती. निदान सगळी नव्हती.

वासाच्या गिऱ्हाइकाला विचारायला त्यांनी मला तीन प्रश्न नेमून दिले होते. वास कधी येतो? कुठे बसलं की येतो? आणि पहिल्यांदा कोणाला आला? पहिले दोन कुणीही विचारेल. तिसऱ्याला गिऱ्हाईक वैतागायचं. "अहो, आम्हा सगळ्यांनाच येतो!" पण काका हटायचे नाहीत. ज्याला पहिल्यांदा वास आला तो माणूस समोर आल्याशिवाय बॉनेटला हात लावायचे नाहीत. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "त्याचा नाक कोरा असता गो. बाकीच्यांका सांगितल्यावर येता."

बोरिवलीच्या एका कुटुंबाची तीन आठवड्यांची गाडी होती. आत आंबूस वास. एसीचा फिल्टर बदलून झाला, आतून धुऊन झाली, वास तसाच. काकांनी तिसरा प्रश्न विचारला. उत्तर आलं, आजोबांना. काका म्हणाले, आजोबांना आणा. सत्तरी उलटलेल्या आजोबांना रिक्षात घालून आणलं. ते म्हणाले, "पूजा केली ना, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून."

"नारळ कुठे फोडला?"

"जमिनीवरच. पण पाणी वाया कशाला घालवायचं? गाडीला आंघोळ घातली."

काकांनी पुढच्या काचेखालची, वायपरजवळची काळी जाळी उचकटली. बाहेरची हवा आत घ्यायचा रस्ता तिथून असतो. आत बोट फिरवलं, ते बोट चाटलं आणि म्हणाले, "गोड होता नारळ." आजोबा खूश. मुलगा मात्र तीन आठवडे आपण कुणाकुणाला शिव्या घातल्या ते आठवत उभा राहिला.

अशा गोष्टी सांगायला मजा येते. आता जी सांगायची आहे ती सांगताना येत नाही. तिच्यातली चूक माझी आहे.

पावसाळा अर्धा सरला होता. काका गावी गेले होते. काउंटरवर तिशीचा एक माणूस आला, गाडी चार महिन्यांची. कसला वास येतो विचारलं तर त्याने आधी मागे बघितलं आणि मग आवाज खाली आणून सांगितलं, "मासळीचा."

मी पत्ता बघितला. कोळीवाडा.

"घरी मासळीचा धंदा आहे का?"

"आई बसते बाजारात. पण गाडीत मासळी नाही नेत. माल टेम्पोने जातो. आईने एक पापलेट ठेवू दिलं नाही अजून या गाडीत. सीटवर टॉवेल टाकून बसते ती."

हे मी ऐकलं. लिहिलं नाही. गाडीला कॉम्प्युटर लावला, त्यात काही दिसलं नाही. मग मी माझ्या चांगल्या इंग्रजीत लिहिलं, की वास गिऱ्हाइकाच्या घरगुती मालाचा आहे, गाडीत दोष नाही. आतून धुऊन गाडी परत दिली. तिसरा प्रश्न विचारलाच नाही. मला वाटलं, काय विचारायचंय त्यात?

आठवड्याने शनिवारी तो परत आला. बरोबर त्याची आई. ठसठशीत, कानात जाड सोनं, हातात छत्री. तिने छत्री माझ्या काउंटरला टेकवली.

"ए बाय, तू लिवलंस काय मासलीचा वास?"

"मावशी, गाडी चेक केली आम्ही—"

"मी चाळीस वरसं मासली इकतंय. बोंबलाला पाण्याचा वास, सुकटीला उन्हाचा, सरलेला बांगरा घशात बसतंय. ह्यो त्यातला कंचाच नाय. ह्यो गरम झाला का येतंय, गार झाला का जातंय. मासली अशी जाते काय? तूच सांग."

माझ्या मागे दोन मेकॅनिक उभे होते. एकाने नाक दाबलं, दुसरा हसला. तिने ते बघितलं.

"नाक कनाला दाबतंस रं? आंघोल करून आलंय मी."

रांगेत आणखी गिऱ्हाइकं होती. मॅनेजर काचेआडून बघत होता. मला तो प्रसंग लवकर मिटवायचा होता, म्हणून मी अगदी गोड आवाजात म्हणाले, "मावशी, आपल्याला सवय असते ना, म्हणून आपला वास आपल्याला कळत नाही."

मुलगा खाली बघायला लागला. त्याची आई माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "उद्या ठान्याला बारशाला जायचाय. नात गारीत बसली का उलटी करतंय. म्हनून आले. तुजं ऐकायला नाय आले." छत्री उचलली आणि गेली.

घाटकोपरला कॉलेजात असताना माझ्या बेंचवरच्या एका मुलीने मला विचारलं होतं, "तुमच्या मानखुर्दला कचऱ्याच्या डम्पिंगचा वास येतो ना गं? तुम्हाला सवयीने कळत नसेल, नाही?" त्या दिवसापासून मी कपडे दोनदा धुवायचे. अंगाला पावडर लावायचे. डिओची सवय तिथली. तेच वाक्य मी त्या बाईला परत केलं, वर मावशी म्हणून. शनिवारी हे माझ्या लक्षातही आलं नाही. मी घरी जाऊन शांत झोपले.

रविवारी सकाळी काका गावाहून थेट वर्कशॉपला आले. आल्या आल्या त्यांची पद्धत होती, मागे राहिलेली वासाची कार्डं वाचायची. इंग्रजी लावून लावून वाचत होते. एका कार्डावर थांबले.

"ग्रॅज्युएट, ह्या काय? मासळीचा वास?"

"हो. घरी धंदा आहे त्यांचा."

"गाडीतून मासळी नेतत?"

"नाही म्हणतात."

"किती जुनी गाडी?"

"चार महिने."

"पहिल्यांदा कोणाक इलो?"

"विचारलंच नाही."

काकांनी कार्ड टेबलावर ठेवलं. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "वायरीच्या जोडाचा प्लॅस्टिक तापला ना गो, की मासळीसारखो वास येता. कुजक्या मासळीसारखो. पेट घ्यायच्या आधी. मी तीन गाड्यांत घेतलंय हो वास. त्यातली एक वाचली नाय." मग म्हणाले, "फोन लाव."

मी घड्याळ बघितलं. साडेदहा. बाहेर पाऊस. बारसं ठाण्याला. म्हणजे ते आता गाडीत होते, काचा बंद, एसी चालू.

मुलाने उचलला नाही. परत लावला. नाही उचलला. काका स्कूटरची चावी हातात घेऊन उभे होते. तिसऱ्यांदा उचलला, पण त्याच्या आईने.

"कोन?"

"मावशी, मी सर्व्हिस सेंटरमधून—"

"तूच काय, सवयवाली? आता फोनातून वास घेतंस?"

"मॅडम, तुमच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने आम्ही आपल्याला विनंती करतो—"

माझ्या तोंडून काउंटरवरची भाषाच निघाली. ती म्हणाली, "ठेवतंय मी. पोर झोपलीय."

मी फोन काकांपुढे धरला. ते मागे सरले. हात नाही लावला. "लिवलंस तू. तूच बोल तिच्याशी. माझा ती कित्याक ऐकात?"

"मावशी, ठेवू नका!" मी ओरडलेच. "माझं चुकलं. वास तुमचा नव्हता, गाडीचा आहे. तुम्ही सांगितलंत ते बरोबर होतं आणि मी ऐकलं नाही."

पलीकडे वायपरचा आवाज ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "बोल."

"आत्ता येतोय का वास?"

"येतंय. कालच्या परीस जास्ती."

"पहिल्यांदा कोणाला आला होता?"

"मनाच. मी पुरं बसतंय ना. गुरघ्याशी येतंय, डाव्या अंगाला. काचेवर धुका धरला का पोरगा पंखा चारवर टाकतंय, तवा."

मी फोन स्पीकरवर टाकला होता. काका म्हणाले, "पंखा बंद. गाडी बाजूक. चावी काढा. सगळे खाली." मी शब्दन् शब्द म्हटला. तिने तो मुलाला सांगितला. मुलाचा आवाज आला, "आई, दहिसर नाका आहे हा, कुठे थांबवू? मागे ट्रक आहे."

"थांबव बोलतंय ना तुना!"

एक लांबलचक हॉर्न. दार उघडल्याचा आवाज. लहान मूल रडायला लागलं. मग फोन कट.

परत लावला. वाजत राहिला.

काका एरवी स्कूटर तीसच्या वर नेत नसत. पिवळा दिवा दिसला की लांबून पाय टेकवायचे. आम्ही त्यावरून त्यांना चिडवायचो. त्या दिवशी मागच्या सीटवर मी त्यांच्या रेनकोटला एका हाताने धरून बसले होते आणि सिग्नल लाल होता की हिरवा ते मला सांगता येणार नाही. दुसऱ्या हाताने मी फोन लावत होते. कुणी उचलत नव्हतं. हायवेला लागल्यावर काकांनी हेल्मेटची काच वर केली. पाऊस थेट तोंडावर घेत, मान उंचावून ते पुढची हवा हुंगत होते. मला कळलं ते काय शोधताहेत. मी विचारलं नाही. बोरिवली मागे पडली, तरी ते हुंगतच होते.

नाक्याच्या थोडं अलीकडे गाडी उभी होती. चारही दिवे लुकलुकत होते. दारं सताड उघडी, आत पाऊस पडत होता. मुलगा, त्याची बायको, तिच्या कडेवर मुलगी आणि त्याची आई, सगळे चहाच्या टपरीच्या ताडपत्रीखाली. फोन आत सीटवरच राहिला होता.

काकांनी कुणाशी काही न बोलता आधी बॅटरीची वायर सोडली. मग डाव्या बाजूच्या खणाचं झाकण काढलं, आडवे झाले आणि हात आत घातला. बाहेर काढला तेव्हा त्यांच्या मुठीत एसीच्या पंख्याच्या वायरीचा जोड होता. पांढरा असायला हवा होता. एका बाजूने चहासारखा झाला होता आणि एक खाच वितळून वाकडी झाली होती. पिन आतपर्यंत बसवलेलीच नव्हती. कारखान्यातून निघाली तेव्हापासून लोंबकळत होती. पंखा चारवर गेला की तापायची. खालच्या कार्पेटच्या लोकरी थरावर, फेल्टवर, तळहाताएवढा काळा डाग होता. बोट लावलं तर भुगा झाला.

काकांनी तो जोड त्या बाईपुढे धरला. "मावशी, बघा."

तिने वास घेतला. "ह्योच."

मुलाची बायको तो काळा डाग बघत होती. तिने मुलीला कडेवरून या खांद्यावर, मग त्या खांद्यावर घेतलं. "आम्ही अजून अर्धा तास तरी गेलो असतो," ती म्हणाली.

काकांनी वायरी वेगळ्या केल्या, टेप लावली, बॅटरी जोडली. म्हणाले, पंखा चालणार नाही, बाकी गाडी ठीक आहे, जायला हरकत नाही. बायको म्हणाली, रिक्षा करूया. मुलाला ठरवता येईना. तेव्हा त्याची आई, काकांकडे नाही, माझ्याकडे वळली.

"तू काय बोलतंस? ठीक हाय गारी?"

मी काकांकडे बघितलं. ते टेपचं रीळ खिशात घालत होते.

"ठीक आहे," मी म्हणाले.

"मंग तू पुरं बस."

मी बसले. गुडघे त्याच खणाशी, पाय त्या फेल्टवर. ती मागे सून आणि नातीबरोबर. घोडबंदरच्या रस्त्याला लागलो. पंखा नाही म्हणून काच सारखी धुरकट व्हायची आणि मी ओढणीने पुसायचे. खिडकी चार बोटं उघडी, पाऊस आत. मी एकाग्र होऊन वास घेत होते. ओल्या सीटचा, सुनेच्या गजऱ्याचा, माझ्या स्वतःच्या घामाचा. इतकं मन लावून मी कधी परीक्षेचा पेपरही वाचला नसेल.

"येतंय काय?" मागून.

"नाही."

प्रत्येक चढाला, प्रत्येक सिग्नलला तोच प्रश्न. "येतंय काय?" "नाही, मावशी." एकदा मला वाटलं आला. मी खाली वाकून हुंगलं, मुलाने ब्रेकवर पाय ठेवला. शेजारून गेलेल्या टेम्पोचा धूर होता. बाजूच्या आरशात काका दिसत होते, स्कूटरवर, आमच्या मागे दोन गाड्या सोडून. त्यांना कुणी या म्हटलं नव्हतं.

काका आता निवृत्त होऊन गावी आहेत. त्यांच्यावर लिहायचं म्हटलं की मला दहीभात आणि उदबत्ती वगैरे आठवतं, पण डोळ्यांसमोर उभे राहतात ते त्या आरशातले. पुढे मॅनेजर मला काय बोलला, मी कार्डावर स्वतःच्या सहीने काय दुरुस्त केलं, ते माझ्या आणि माझ्या नोकरीच्या मधलं आहे.

ठाण्याला हॉलच्या दारात गाडी थांबली. सून मुलीला घेऊन आत गेली. काका येऊन पोचले, नखशिखांत भिजलेले. गाडीत बसायला गेले आणि दाराशीच थांबले. स्वतःच्या कोपराचा वास घेतला, तोंड वाकडं केलं. रेनकोटचं रबर, पेट्रोल, हायवेचा धूर, सगळं त्यांच्या अंगाला चिकटलं होतं.

"माझा नाक आज काय कामाचा नाय," ते म्हणाले. आणि मग जे मी त्यांना कधीच करताना पाहिलं नव्हतं ते केलं. दार धरून बाजूला झाले. "मावशी, तुम्ही बसा. इंजिन चालू ठेवतो. सावकाश घ्या."

ती पुढच्या सीटवर बसली. काकांनी दार लावलं. काचा वर गेल्या. हॉलमधून बारशाची गाणी ऐकू येत होती, कुणीतरी दारात येऊन "आत्या, चल ना, पाळणा थांबलाय," म्हणून गेलं. ती हलली नाही. काचेवर तिच्या श्वासाचं धुकं धरलं आणि ती दिसेनाशी झाली. मुलगा काकांकडे बघत होता, काका काचेकडे. मी मिनिटं मोजायला लागले आणि मध्येच विसरले.

दार उघडलं. ती पाय बाहेर टाकून बसली, पदर सावरला, आणि शनिवारपासून पहिल्यांदा माझ्याकडे न रागावता बघितलं.

"नव्या गारीचा वास येतंय," ती म्हणाली. "चार महिन्यांनी."